नानांचं जर-तर

फोन आला तेव्हा बुद्धिबळाच्या डावात चाल माझी होती. सहा दिवसांपासून माझीच होती. सकाळी पावणेनऊची वेळ, नागपुरात ऑफिसला निघायची गडबड, मी ओट्याशी डबा भरत होते. झाँसीहून अविनाशचा फोन. "ताई, नाना नहीं रहे," एवढंच म्हणाला. अविनाश नानांचा मुलगा. त्याला मराठी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की आमच्याकडच्या बहुतेक मुलांसारखा तो हिंदीत शिरतो. त्या दिवशी मात्र बाकीचं सगळं त्याने अडखळत का होईना, मराठीतच सांगितलं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, पेपर आणेपर्यंत मान कलली होती... मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. आणि आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते, माझ्या मनात पहिला विचार नानांचा आला नाही. चालीचा आला. चालीच्या चौदा दिवसांपैकी आठ अजून उरलेत, आणि आता ही चाल पाठवायची कुणाला?

नाना पळसुले नात्याने आमचे कुणी नव्हते. झाँसीच्या नगरा मोहल्ल्यात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. छावणीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, रोज सायकलने जायचे आणि पँटला चाप लावूनच घरी हिंडायचे. त्यांचे पूर्वज पेशवाईत कारभाराला म्हणून इकडे आले, आमचे फौजेबरोबर. इतक्या पिढ्यांनंतर त्यांच्याकडे पोथ्या उरल्या आणि आमच्याकडे हातोडे, असं माझे वडील म्हणायचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होते. गल्लीतले हिंदी शेजारी 'नाना' म्हणजे आईचे वडील असंच समजायचे, त्यामुळे नवं बिऱ्हाड आलं की त्यांना प्रश्न पडे, या माणसाला मुली आहेत तरी किती? नानांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. उलट "दोन-चार अजून यायच्यात" म्हणायचे. मला ते 'बिन्नू' म्हणत. बुंदेलीत लेकीबाळींना लाडाने असं म्हणतात. अस्सल कोकणस्थ घरातला माणूस, पण माया करायची झाली की त्यांना बुंदेलीच सुचायची.

बुद्धिबळ मला त्यांनी शिकवलं, मी नऊ-दहा वर्षांची असताना. सोंगट्या माझ्या वडिलांनी लेथवर काढलेल्या, शिसवीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या. प्रत्येक प्याद्याच्या गळ्याशी त्यांनी एक बारीक रेघ कातली होती, "ओळखीची खूण" म्हणून. नाना कायम काळ्या सोंगट्या घेत आणि मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की लगेच त्यांचं वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे येई. दुसरी चाल मी कधी पाहिलीच नाही. याला सिसिलियन बचाव म्हणतात हे मला ठाऊक झालं त्याच्या आधी मला ती चाल नानांचीच वाटायची, त्यांच्या पँटच्या चापासारखी. माझ्या आईला 'सिसिलियन' हे एखाद्या काढ्याचं नाव वाटे. "भावजींना बरं नाही का? रोज काय ते सिसिलियन घेतात," असं तिने एकदा खरंच विचारलं होतं.

मी विचारलं होतं, समोरचा मधोमध येऊन उभा राहिलाय, तर आपणही मधोमध जाऊ, तुम्ही असे कडेने का येता? नाना म्हणाले, "अगं, तो मधे उभा राहिला की आपण त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं नाही. त्याच्यासारखं खेळलं की त्याचंच राज्य चालतं. बाजूने यायचं. आपलं कडेचं प्यादं द्यायचं आणि त्याचं मधलं घ्यायचं." आणि तसंच होई. चौथ्या-पाचव्या चालीला ते प्यादं मरायचं, पण मरण्याआधी माझं मधलं प्यादं घेऊन जायचं. हजारो वेळा उचलून उचलून त्या एका प्याद्याचं डोकं गुळगुळीत झालं होतं, आणि वडिलांनी कातलेली रेघ निम्मी पुसली होती.

मी कॉलेजात गेले तीही याच रीतीने. बारावी झाल्यावर वडील म्हणाले, पुष्कळ झालं. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलगी सायकलवर जाणार, लोक काय म्हणतील... आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, मुलगेसुद्धा नाहीत. मी रडले, जेवले नाही, सगळं करून झालं. नानांनी वडिलांना एका शब्दाने "पोरीला शिकवा" म्हटलं नाही. ते फक्त एका संध्याकाळी आले. वडिलांचे कारखान्याचे इंग्रजी कागद नेहमी तेच वाचून दाखवायचे. त्या दिवशी वाचता वाचता मधेच थांबले आणि म्हणाले, "केशवराव, मी सांगतो तो अर्थ बरोबर की चूक, हे तुम्हाला कसं कळतं हो?" वडील म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे. नाना म्हणाले, "तेच म्हणतो. विश्वास ठेवू नका. घरचं कुणीतरी वाचणारं पाहिजे." चहा घेऊन निघून गेले. आठ दिवसांनी वडील स्वतः कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी अभिमानाने लिहिते. कुणाला शेखी वाटली तर वाटो.

नानांचा खरा खेळ मात्र पोस्टकार्डावर चाले. बेतवेच्या काठी एरचला एक शाळामास्तर होते, त्यांच्याशी. एका कार्डावर एक चाल, आणि खाली क्षेमकुशल. पावसाळ्यात नदी चढली की टपाल अडायचं आणि डाव महिनाभर तसाच राहायचा. एरच काही लांब नाही, झाँसीहून बस जाते. मी म्हटलं, नाना, एका रविवारी जाऊन समोरासमोर बसून संपवा की. तर म्हणाले, "छे. समोर बसलं की तो बोलतो फार." त्या कार्डांवरची एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वेळ वाचावा म्हणून नाना आपल्या चालीखाली लिहीत, 'जर तुम्ही उंट मागे घेतलात तर माझा घोडा पुढे, जर हत्ती आणलात तर वजीर बाजूला.' याला ते 'जर-तर' म्हणत. मास्तरांनी तीच चाल खेळली तर उत्तर आधीच पोचलेलं असे. एखादं जर-तर लागलं की नाना दिवसभर खूश. डाव जिंकण्यापेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप. "जिंकणं काय, कुणाशीही जिंकता येतं," असं ते म्हणत. "जर-तर ओळखीच्याच माणसाचं लागतं."

मास्तर गेले. अर्धा डाव कार्डांच्या गठ्ठ्यात राहिला. मी तोवर नोकरी आणि लग्न यांच्या निमित्ताने नागपूरकर झाले होते, पाणीपुरवठा खात्यात कारकून म्हणून लागून अधिकारी झाले होते. एका सुट्टीत नानांना मी मोबाइल घेऊन दिला आणि बुद्धिबळाच्या एका साइटवर त्यांचं खातं उघडून दिलं. त्यांना आधी पटेना. "इतक्या पटकन पोचतं तर मग विचार कधी करायचा?" मी दाखवलं, इथे टपालासारखं खेळता येतं, एका चालीला चौदा दिवस. मग आणखी एक गोष्ट दाखवली. साइटवर आधीच सांगून ठेवता येत होतं, समोरचा अमुक खेळला तर माझी तमुक चाल आपोआप जाऊ दे. नाना मोबाइलकडे बघतच राहिले. "म्हणजे यांनी जर-तर ठेवलंय की," म्हणाले, जणू त्यांच्या वडिलांची एखादी वस्तू कुणीतरी नीट जपून परत आणून दिली होती.

तेव्हापासून आमचे डाव सुरू झाले. मी पांढऱ्या, ते काळ्या, ते सिसिलियन. चालीबरोबर दोन शब्द लिहायला तिथे एक चौकट असते. लोक त्यात अंगठा नाहीतर हसरा चेहरा टाकतात. नाना त्यात पत्र लिहायचे. 'चि. सौ. बिन्नूस अनेक आशीर्वाद, येथे सर्व कुशल.' मग नळाला पाणी किती वेळ आलं, माझ्या आईचा गुडघा कसा आहे, माकडांनी कुणाच्या गच्चीवरचे पापड नेले. माझी एक सवय आहे, मी घाबरट खेळते. डाव जरा मांडून झाला की मी राजाकडच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवते, म्हणजे त्यांचा घोडा-उंट आत येणार नाही. नानांनी त्याला नाव ठेवलं होतं, जाळी. 'पोरगी आधी खिडकीला जाळी बसवते, मग घरात शिरते. झाँसीची आहेस खरी. माकडांनी घाबरवून ठेवलंय.' मी जाळी बसवली की त्यांचं उत्तर त्याच क्षणी यायचं. जर-तर लागायचं. मी चिडायची, ते खूश व्हायचे, आणि डाव मी हरायची. सहा-सात वर्षांत एकदाही जिंकले नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला वेळ लागला. गेल्या वर्षी ऑफिसात एका कनिष्ठ सहकाऱ्याने मला बुद्धिबळाचा एक प्रोग्राम दाखवला. डाव भरला की तो उत्तम चाल सांगतो. अशी मदत घ्यायला त्या साइटवर मनाई आहे, पुस्तकं बघा पण यंत्राला विचारू नका असा नियम आहे, आणि तो मीच नानांना वाचून दाखवला होता. पण त्याच सुमाराला नानांनी चौकटीत गंमत केली होती, 'बी.ए. झालीस, साहेब झालीस, आता मला हरवायचं तेवढं राहिलं बघ.' गंमतच होती ती. पण मला ती लागली. पहिल्या पिढीच्या पदवीधराला कुठे काय लागतं हे दुसऱ्याला समजायचं नाही. मी एक चाल यंत्राला विचारली. मग दुसरी. मग सगळाच डाव. त्यात जाळी नव्हती. बाविसाव्या चालीला मी एक घोडा फुकट दिला, असा घोडा मी जन्मात दिला नसता, आणि त्यानंतर नानांचा डाव पत्त्यांच्या बंगल्यासारखा बसला.

त्यांनी हार मान्य करून डाव सोडला आणि लगेच फोन केला. आवाज मोकळा होता. "बिन्नू, हा घोडा कुठून आणलास गं?" मी म्हटलं, अभ्यास केला नाना. मग म्हणाले, "या डावात माझं एकही जर-तर लागलं नाही."

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग, सुधारले नाही का मी?"

"बरं," नाना म्हणाले. "छान."

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या घरी गेले. हे मला आईने फोनवर सांगितलं. "वहिनी, पोरीने मात दिली," म्हणाले. आईने विचारलं, कुणाला? "मला." आई म्हणाली, अहो मग पेढे तुम्ही का वाटताय? त्यावर म्हणे ते खूप हसले आणि पुढच्या घरी गेले. आई हे हसत हसत सांगत होती आणि मी इकडे कपाळाला हात लावून बसले होते.

तो प्रोग्राम मी काढून टाकला. नवा डाव सुरू झाला, तो मी माझ्या बुद्धीने खेळत होते. पण चौकटीत मला काही लिहिता येईना. नानांची पत्रं तशीच येत, आशीर्वाद, पाणी, आईचा गुडघा, आणि मी नुसती चाल पाठवत होते. आधी 'ठीक आहे नाना' एवढं तरी लिहायची. मग तेही सुटलं. वाटायचं, आता लिहिलं तर खरंच लिहावं लागेल. दिवाळीत झाँसीला गेले की समोर बसून सांगेन, असं ठरवलं होतं. हे ठरवून ठेवणं फार सोयीचं असतं... आठ महिने गेले.

त्यांचं शेवटचं पत्र लहान होतं. 'चि. सौ. बिन्नूस आशीर्वाद. हा डाव मी बोर्डावर मांडून ठेवला आहे. फुरसत मिळाली की ये. समोर बसून संपवू.' ज्या माणसाने एरचला जायची बस जन्मभर टाळली, तो मला समोर बसू म्हणत होता. मला त्याचा अर्थ समजला, आणि म्हणूनच मी उत्तर दिलं नाही. सहा दिवस रोज डाव उघडायची, पत्र वाचायची आणि बंद करायची. त्या डावात तरी एखादी मोठी, खरीखुरी माझी अशी चाल सुचावी, ती पाठवावी आणि खाली सगळं लिहून टाकावं, असं मनात होतं. मोठी चाल काही सुचली नाही. सातव्या दिवशी फोन आला.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घरात माणसं होती, मी आईला भेटून वर नानांच्या खोलीत गेले. खिडकीशी टेबल, टेबलावर वडिलांनी काढलेल्या सोंगट्या, आमचा डाव मांडलेला. मेलेल्या सोंगट्या पितळी डब्याच्या झाकणात. या बाजूला नानांची खुर्ची, आणि समोर दुसरी, तिच्यावर उशी ठेवलेली. अविनाश दारात उभा होता. म्हणाला, "ताई, आठ दिवस से ये कुर्सी यहीं लगी है. नानांनी कुणालाच बसू दिलं नाही. मैं बैठने लगा तो बोले, ही बिन्नूची."

मी त्या खुर्चीत बसले. मोबाइल काढला. आता मोठी चाल शोधायचं काही कारण उरलं नव्हतं, मला जी करावीशी वाटत होती ती मी केली. राजाकडच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे. जाळी. पाठवली, आणि मोबाइल खाली ठेवायच्या आत उत्तर आलं.

अविनाश पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ये किसने चला?"

"नानांनी," मी म्हटलं. मग त्याला समजावून सांगितलं, आधी लिहून ठेवता येतं ते. त्यांनी वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं टाकलं होतं. मी बोर्डावर माझी चाल केली आणि मग हात लांबवून त्यांचीही केली. त्यांचं प्यादं आता आणखी पुढे येऊन माझ्या घोड्याला हाकलणार हे दिसत होतं, म्हणून मी त्या बाजूलाही एक प्यादं घरभर सरकवलं. दुसऱ्या खिडकीची जाळी. तेही उत्तर तयार होतं, उंट मागच्या लांब तिरप्या रांगेत. दोन्ही वेळा मी काय करणार ते त्यांना ठाऊक होतं. मी, म्हणजे मीच. यंत्राने यातलं काहीही सांगितलं नसतं. आणि ज्यांना हे इतकं ठाऊक होतं, त्यांना तो घोडा माझा नव्हता हेही त्या दिवशी फोन ठेवायच्या आधीच ठाऊक असणार. तरी त्यांनी पेढे वाटले. आणि मग आठ महिने, दर चालीखाली पत्र लिहीत, मी बोलायची वाट पाहिली.

तिसरी चाल मी किल्लेकोट केला, राजा कोपऱ्यात नेऊन हत्ती त्याच्या शेजारी. तो पाठवला. काही आलं नाही. मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले, खाली बायका चहासाठी हाका मारत होत्या. मग चौकट उघडली आणि लिहिलं, 'ती. नानांस साष्टांग नमस्कार. त्या डावातला घोडा माझा नव्हता.' आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण एवढ्यावरच पाठवून दिलं.

तेराव्यानंतर मी नागपूरला परत आले. नानांचं घड्याळ चालूच होतं. ते संपलं असतं तर साइटने मला विजयी ठरवलं असतं, आणि असा आणखी एक विजय मला नको होता. दोन दिवस उरले असताना मी हार मान्य केली. डाव नानांच्या नावावर गेला. पण आधीचा तो एक डाव माझ्या नावापुढे विजय म्हणून तसाच आहे. मी साइटवाल्यांना लिहिलं, तो काढून टाका, मी नियम मोडला होता. त्यांचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, जुन्या डावांचे निकाल आम्ही बदलत नाही.

झाँसीहून निघताना अविनाश सोंगट्यांची पेटी देत होता, तुमच्या वडिलांच्याच आहेत म्हणाला. मी नको म्हटलं. झाकणातलं तेवढं एक प्यादं उचललं, डोकं गुळगुळीत झालेलं, अर्धी रेघ वडिलांची उरलेली. ते आता ऑफिसात माझ्या टेबलावर असतं. हल्ली मी साइटवर अनोळखी माणसांशी खेळते आणि काळ्या सोंगट्या घेते. समोरच्याने राजापुढचं प्यादं टाकलं की माझं उंटापुढचं. प्रत्येक चालीखाली जर-तर लिहून ठेवते, दोन-दोन, तीन-तीन. अजून एकही लागलेलं नाही.